सलूनमधल्या खुर्चीचं ऐका

मी सलूनमधली खुर्ची बोलतेय. बसा, संकोच करू नका. ऐकायचे पैसे पडत नाहीत.

कारखान्यातून निघाले तेव्हा माझा काय तोरा होता! लाल गादी, चकचकीत हात, पायानं पंप दाबला की गिऱ्हाईक वर. मालक बघताक्षणी विरघळले. खात्यात दमडी नव्हती, पण बँकेच्या मशीनवर भला मोठा आकडा दिसत होता. तो होता ओव्हरड्राफ्ट, म्हणजे बँकेनं व्याजानं वापरू दिलेले पैसे. मालकांना वाटलं, आपलेच! त्यातूनच मला घेतलं.

मालकांना सल्ले द्यायची भारी हौस. कात्री डोक्यावर चालते, जीभ गिऱ्हाइकाच्या संसारावर. कुणी घर घ्यावं, कुणी नोकरी सोडावी, सगळं माझ्यामागं उभं राहून ठरवायचे. स्वतःची मात्र झाकली मूठ. व्याज चढलं, ते भरायला एक कार्ड घेतलं, त्याचं भरायला दुसरं. घरी अवाक्षर नाही.

शेवटी एक भंगारवाला मला बघायला आला. माझे हात पिरगाळून त्यानं असा भाव सांगितला की रद्दीलाही जास्त मिळेल. तेवढ्यात मालकीणबाई डबा घेऊन आल्या आणि सगळं उघड झालं.

"अहो, कर्जसल्ला केंद्रात चला. फुकट सांगतात तिथं."

"मी गावाला शहाणपण शिकवतो, मला कोण शिकवणार?"

"म्हणूनच म्हणते, चला."

गेले बिचारे. परतल्यावर म्हणाले, "तिथल्या बाईंनी झापलं गं मला. म्हणे, खुर्ची विकलीत तर हप्ता कशातून भरणार? आणि लोक काय उभ्यानं दाढी करून घेणार?"

बाईंनी बँकेशी बोलून व्याज थांबवलं, सगळ्याचा मिळून एक झेपेल असा हप्ता बांधून दिला. दोन्ही कार्डं मालकांनी आपल्या हातानं कापली. त्या दिवशी ते पहिल्यांदा माझ्यावर बसले.

"घाबरलो होतो गं," ते म्हणाले.

मालकीणबाई त्यांच्या खांद्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या. मला इतकं भरून आलं म्हणून सांगू!

आता माझी गादी फाटलीय, तिला चिकटपट्टी लावलीय. नवी गादी हप्ते संपल्यावर. परवा एक शिक्षक बसले होते. आरशाकडे न बघता पुटपुटले, "पगार झाला तरी खातं उणेच दिसतं हो."

कात्री थांबली. आता भाषण सुरू होणार, असं मला वाटलं.

मालक हळूच म्हणाले, "दुपारी दुकान बंद ठेवतो. कर्जसल्ला केंद्रात मी येतो तुमच्याबरोबर."