चौकटीचा डावा सांधा

वेल्डरने आयुष्यात कुणाला पहिला ठोसा मारला नव्हता, असं तो स्वतः सांगायचा. त्याचा दुसरा, तिसरा आणि चौथा ठोसा खाल्लेली माणसं मात्र गावभर होती. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात, एका पुठ्ठ्याच्या ज्वालामुखीपासून चार हातांवर, सकाळी अकराच्या सुमारास त्याने आपला नियम मोडला. ठोसा बसला तो सख्ख्या मेहुण्याच्या तोंडावर, आणि तोही मेहुणा खरं बोलला म्हणून.

खरं काय ते आधी सांगितलं पाहिजे.

वेल्डरच्या लेकीने पट्ट्या तोडायचं यंत्र केलं होतं. माणसाच्या उंचीची लोखंडी चौकट आणि तिच्यात झुलणारा बारा किलोचा हातोडा. हातोडा वर नेऊन खिट्टीत अडकवायचा, खालच्या पकडीत वेल्डिंगने जोडलेली पट्टी बसवायची आणि खिट्टी ओढायची. तडाखा किती जोराचा बसला ते बाजूचा काटा दाखवायचा. चार महिन्यांत पोरीने दोनशे बारा पट्ट्या स्वतः जोडल्या आणि स्वतः तोडल्या. वेल्डिंगच्या ओलसर रॉडने केलेला सांधा कोरड्या रॉडच्या सांध्यापेक्षा निम्म्या तडाख्यात जातो, हे तिने आकड्यांनी दाखवलं होतं. पहिल्या दोन क्रमांकांना तंत्रशाळेत थेट प्रवेश मिळणार होता. लेकीला तो हवा होता. बापाला तर तो मिळाल्यासारखाच वाटत होता, चौकातल्या निम्म्या लोकांना त्याने सांगूनही टाकलं होतं.

अर्जात एक रकाना होता : बाहेरची मदत घेतली असल्यास कोणाची व कोणती. लेकीने लिहिलं, 'नाही.' लिहिलं तेव्हा ते खरं होतं.

मग एका रविवारी दुपारी मायलेकी बाहेर गेल्या आणि वेल्डर चौकटीसमोर बिडी ओढत बसला. डाव्या खांबाचा सांधा त्याच्या डोळ्यांत सलायला लागला. मजबूत होता, त्यात वाद नाही. पण दिसायला असा, की पाखरांनी रांगेत बसून शिटून ठेवावं. हॉलमध्ये शिरताना पहिली नजर नेमकी त्याच्यावर जाणार, आणि लोक म्हणणार, ही त्याची मुलगी का? दुसरा बाप असता तर त्याने आकडे सुधारून दिले असते. याला आकड्यांशी देणंघेणं नव्हतं. याने ग्राइंडर लावून लेकीचा सांधा घासून काढला, आपल्या हाताने नवा ओढला आणि वरून चौकटीचाच राखाडी रंग जाड मारला. तासाभराचं काम. लेकीला सांगायचं राहून गेलं, असं तो मनाशी म्हणाला. राहून गेलं नव्हतं, ठेवलं होतं.

प्रदर्शनाच्या दिवशी मेहुणा तिथे येईल हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं. मेहुणा सात वर्षं याच्याच हाताखाली शिकला आणि एके दिवशी न सांगता कारखान्यात लागला. तेव्हापासून दोघांत फक्त वेल्डरच्या बायकोमार्फत बोलणं होतं. कारखान्याच्या मॅनेजरच्या मुलाचा पंप टेम्पोतून पोचवायला तो आला होता. पंप मांडून झाला, हात रिकामे झाले, म्हणून भाचीचं यंत्र बघायला आला. बघता बघता त्याने खिशातून किल्ली काढली आणि डाव्या सांध्यावरचा रंग खरवडला.

"भावोजी, पोरगी डावखुरी कधीपासून झाली?"

"काय बडबडतोस?"

"खवले बघा की सांध्याचे. उजव्या हाताचं माणूस अशी उलटी ओळ ओढतं का? तुमची ओळ आहे ही. डोळे मिटून बोटाने वाचून दाखवतो, पैज लावा."

"हळू बोल."

"हळू कशाला? बाई! अहो परीक्षकबाई, इकडे या जरा!"

इथे तो पहिला ठोसा पडला.

मेहुण्याचा ओठ फाटला आणि एक दात ज्वालामुखीच्या उतारावर जाऊन पडला. त्याने मागेपुढे न बघता वेल्डरच्या पोटात गुडघा घातला. वेल्डरने त्याची कॉलर धरून त्याचं कपाळ टेबलाच्या कडेवर आपटलं. टेबल कलंडलं, काचेच्या नळ्या फुटल्या, त्यांतलं निळं पाणी दोघांच्या पायांखाली पसरलं. मुली किंचाळत भिंतीला लागल्या. शिपाई सोडवायला धावला आणि कानशिलात खाऊन परत फिरला.

"चोर!" वेल्डर ओरडत होता. "मॅनेजरच्या पोराचा पंप कुणी केला मग? तुझंच वेल्डिंग ना त्यावर?"

"माझंच!" मेहुणा रक्त थुंकत म्हणाला. "नाव लिहिलंय माझं त्यांच्या अर्जात! जाऊन वाचा! पाच गुण कापून घेतलेत त्यांनी!"

हे ऐकून वेल्डरचं डोकं फिरलं. खोट्यात पकडलेल्या माणसाला खरेपणाचा दाखला सहन होत नाही. त्याने दोन्ही हातांनी मेहुण्याचा गळा आवळला. मेहुण्याचे डोळे बाहेर आले, त्याने धडपडत जिवाच्या आकांताने ढकललं, आणि वेल्डर पाठीवर यंत्रात कोसळला. लेकीने पुढच्या प्रात्यक्षिकासाठी हातोडा वर चढवून ठेवला होता. वेल्डरचा खांदा खिट्टीला लागला. तोल सावरायला पसरलेला डावा हात पकडीवर टेकलेला होता.

बारा किलो खाली आले.

आवाज दोनदा झाला, एक लोखंडाचा, एक हाडाचा. भिंतीकडून लेक धावली, पण चार महिन्यांची सवय, धावता धावता तिची नजर काट्यावर गेली. छत्तीस.

मनगट भलत्याच जागी वाकलं होतं आणि कातडीतून पांढरं काहीतरी डोकावत होतं. मेहुण्याने स्वतःचा शर्ट फाडून वर आवळून बांधलं. वेल्डरने त्याला आईवरून शिवी दिली, पण हात काढून घेतला नाही.

परीक्षकबाई काचांवरून जपून पावलं टाकत आल्या. बुटक्या, पिकल्या केसांच्या, छातीशी अर्जांचा गठ्ठा. "गाडी बोलावलीय," त्या म्हणाल्या. मग लेकीकडे वळल्या. "मुली, तुझ्या अर्जावर मी अजून सही केलेली नाही. मदत लिहिली तर पाच गुण जातात. लपवलेली सापडली तर नाव जातं. हा सांधा कुणाचा?"

"तिचाच!" वेल्डर जमिनीवरून म्हणाला. "पोरीची शपथ घेऊन सांगतो, तिचाच."

लेक खांबाशी गेली. खरवडलेल्या जागेवरून तिने अंगठा फिरवला, एकदा खालून वर, एकदा वरून खाली. मासळीच्या पाठीसारखे एकसारखे खवले. तिची मान लाल झाली.

"माझा कुठे गेला?" तिने बापाला विचारलं. "माझा तुटला होता का?"

"तुटला नव्हता गं. बरा दिसत नव्हता."

"तुटला नव्हता," ती म्हणाली. "बाई, पेन द्या."

"लिहू नकोस!" वेल्डर उजव्या हातावर भार देऊन उठला. "कोण सिद्ध करणार आहे? हा? याचं कोण ऐकतंय? तुझी शाळा जाईल, गाढवे!"

तिने 'नाही' खोडलं. लिहायला लागली : चौकटीचा डावा सांधा, वडील. मग त्याच्यापुढे, 'मला न विचारता.'

तिच्या खांद्यावरून त्याने ते वाचलं आणि मारायला हात उगारला. डावखुरा माणूस, उगारणार तो डावाच. हात मनगटापर्यंत वर गेला, पुढचा पंजा लोंबत राहिला. त्याच्या घशातून निघालेला आवाज माणसाचा वाटला नाही. तो गुडघ्यांवर आला आणि त्याने काचांत ओकून टाकलं.

लेकीने वळून पाहिलं. वाक्य पुरं केलं, खाली तारीख घातली, आणि मग अर्ज बाईंच्या हातात दिला. बाईंनी सही केली, गठ्ठ्यातला गुणांचा कागद काढून बेरीज-वजाबाकी केली आणि कागद तिच्यासमोर धरला. दुसरी होती, तिसरी झाली. तिच्या वर आता मॅनेजरचा मुलगा होता.

"ठीक आहे," लेक म्हणाली. "मामा, गाडीची वाट कशाला बघायची? टेम्पो काढ."

दोघांनी मिळून वेल्डरला उचललं. तो पांढराफटक पडला होता, दात वाजत होते.

"पाच गुणांनी गेली गं शाळा," तो पुटपुटला.

"दोन गुणांनी," लेक म्हणाली. "बोलू नका. हात छातीशी धरा."