दाराशी ठेवलेले तीन चेहरे

थांबा, बटण दाबू नका! रोज तुम्ही दाबता आणि मी मुकाट्यानं मोजतो. आज मी बोलणार आहे. औषधांच्या दुकानात दाराशी असतो ना, तो चेहऱ्यांचा डबा मी. हिरवा हसरा, पिवळा मख्ख, लाल रडका. वर ठळक अक्षरांत लिहिलंय, ‘आमची सेवा कशी वाटली?’ पण ते वाचायला सवड कोणाला आहे?

कारखान्यातून निघालो तेव्हा माझी ऐट बघण्यासारखी होती. ‘गिऱ्हाइकाचं मन ओळखणारं यंत्र’ अशी माझी जाहिरात! इथं आल्यावर कळलं, मला फक्त बोट ओळखता येतं. दाबलेलं बटण त्याच क्षणी मुख्य कार्यालयात पोचतं, तिथं त्याचा आलेख होतो.

काउंटरवर ताई असते. डॉक्टरांचं अगम्य अक्षर लावते, कोणती गोळी जेवणाआधी हे दोनदा समजावते. तिची नोकरी कायम होणार की नाही, हे माझ्या बटणांवर ठरायचं होतं. आणि लाल वाढतच चाललं होतं. अहो, औषधाच्या दुकानात हसत कोण येतं? तापलेलं लेकरू घरी ठेवून आलेला बाप जाताना आपल्यासारखा चेहरा शोधतो आणि दाबतो. त्यात ताईचा काय दोष?

मुख्य कार्यालयानं आलेख बघून दुकानात गाणी लावली. आजाऱ्यांची डोकी उठली, लाल आणखी वाढलं.

त्यात घड्याळं दुरुस्त करणारे आजोबा. दर चार दिवसांनी आजींचं वेदनेवरचं औषध न्यायला यायचे. “पोरी, तू आहेस म्हणून निभतंय,” असं ताईला म्हणायचे आणि माझ्यापाशी येऊन पुटपुटायचे, “आज फार दुखतंय रे तिला.” की दाबलं लाल! माझा जीव नुसता तुटायचा.

काल मुख्य कार्यालयातून साहेब आले. “सहापर्यंत हिरवं लालच्या पुढे गेलं नाही, तर उद्यापासून दुसरी मुलगी येईल. आणि गिऱ्हाइकाला बटण सुचवायचं नाही, नियम आहे.” एवढं बोलून ते कोपऱ्यात टॅबमध्ये डोकं खुपसून बसले.

सहाला दहा मिनिटं होती. लाल आणि हिरवं अगदी बरोबरीला. तेवढ्यात दार उघडलं आणि आजोबा आत आले.

ताईनं एकदा माझ्याकडे पाहिलं. ओठांवर आलेलं तिनं गिळलं आणि विचारलं, “आजी कशा आहेत?”

आजोबांनी पिशवीतून न फोडलेलं खोकं काढलं. “हे ठेव. कुणाला तरी लागेल. ती परवा गेली.”

ताई काउंटरमागून बाहेर आली. त्यांचा हात धरून दारापर्यंत चालत आली. साहेबांनी मान वर केली नाही.

आजोबा माझ्यासमोर थांबले. सवयीनं बोट लालवर गेलं आणि तिथंच थबकलं. “आता नाही दुखत तिला,” ते म्हणाले, आणि त्यांनी हिरवं दाबलं.

सहाच्या ठोक्याला टॅब वाजला. “बघा ताई, मनावर घेतलं की जमतं!” साहेब खूश झाले. “शेवटच्या गिऱ्हाइकाला तुम्ही आनंदी कसं केलंत, ते लिहून पाठवा. सगळ्या दुकानांना शिकवू.”

नोकरी टिकली. पण सकाळपासून ताईसमोर कोरा कागद पडलाय. ती मधूनच डोळे पुसते.

आलेख बघणाऱ्यांनो, हात जोडता येत नाहीत म्हणून तोंडानंच विनवतो. कधीतरी एखाद्या बोटामागच्या माणसाला विचारा, काय झालं म्हणून. मला विचारू नका. मला तीनच उत्तरं येतात.