जॅकवरचं माप

शनिवारी दुपारी साडेतीन वाजता माझ्या सासऱ्यांनी जॅक खाली सोडला आणि मेहुणीची गाडी नव्या टायरांवर बसली. बसली म्हणजे अक्षरशः बसली. दमलेला माणूस सोफ्यावर बसतो तसा चाकांवरचा पत्रा टायरांवर टेकला आणि उठायचं नाव घेईना. मेहुणीने ब्रेक सोडून गाडीला रेटा दिला. गाडी तसूभर हलली नाही.

शेडमध्ये आम्ही चौघं होतो आणि चौघांची वाचा बसली होती. माझं ठीक आहे, त्या घरात जावई म्हणून माझी तेवीस वर्षं बसलेलीच आहे. पण सासूबाईही गप्प झाल्या तेव्हा प्रकरणाचं गांभीर्य माझ्या लक्षात आलं.

"टायर बरोबर आहेत," शेवटी सासरे म्हणाले. "गाडीच लहान आहे."

माझी मेहुणी दिवसा कवळ्या बनवते. संध्याकाळी या जुन्या गाडीत बसवता येईल तेवढं मोठं इंजिन बसवते. तीन वर्षं हे चाललं आहे. ड्रॅग रेस नावाचा तो खेळ मला तिनेच समजावला होता: सरळ रस्ता, चारशे मीटर, दोन गाड्या शेजारी शेजारी, आणि शिंक आवरून डोळे उघडावेत तोवर सगळं संपलेलं. दुसऱ्या दिवशी, रविवारी, तिची निवडफेरी होती. धाव एकच. तेरा सेकंदांच्या आत आली तर वर्षभराच्या शर्यतींत नाव, नाही तर पुढल्या वर्षी या. गेल्या वर्षी ती साध्या टायरांवर गेली होती. हिरवा दिवा लागला, मागची चाकं जागच्या जागी गरागरा फिरली, धूर निघाला, गाडी काही निघाली नाही.

म्हणून या वर्षी शर्यतीचे टायर. मऊ, रुंद, बिननक्षीचे. टायर जितका मोठा तितकी पकड जास्त, पण तो आत मावला पाहिजे. म्हणजे सगळा प्रश्न मापाचा. आणि मापाचा प्रश्न म्हटल्यावर सासऱ्यांना आवरणार कोण?

सासरे जमीन-मोजणी खात्यातून निवृत्त झाले. सदतीस वर्षं त्यांनी लोकांच्या कुंपणांची भांडणं टेपने मिटवली. प्रत्येक माप ते तीनदा घेतात आणि सरासरी काढतात. देवावर, डॉक्टरवर, वेळ पडल्यास जावयावरही विश्वास ठेवावा, पण एकदाच घेतलेल्या मापावर ठेवू नये, असं त्यांचं मत आहे. "तू इंजिनाचं बघ, माप माझ्याकडे," असं त्यांनी लेकीला सांगितलं आणि ती इंजिनात शिरली.

पण गुडघ्यांमुळे त्यांना खाली वाकता येत नाही. म्हणून त्यांनी गाडी जॅकवर छातीइतकी उंच चढवली आणि उभ्याने, ओळंबा सोडून, सगळं तीन-तीनदा मोजलं. आतल्या स्प्रिंगपासून बाहेरच्या पत्र्यापर्यंतची रुंदी, चाकाच्या मध्यापासून वरची उंची. वेगात टायर फुगून उंच होतो, त्याचाही पाऊण इंच सोडला. उत्तर आलं: उंची अठ्ठावीस, रुंदी साडेदहा. त्यात चूक एका केसाचीही नव्हती. फक्त गाडी हवेत उचलली की चाकं खाली लोंबतात आणि वरची आणि बाजूची जागा दोन बोटं वाढते. जमिनीवर ठेवली की ती दोन बोटं परत जातात. हे कुठल्याही गॅरेजवाल्याने सांगितलं असतं. म्हणूनच त्यांनी गॅरेजवाल्याला विचारलं नव्हतं.

"मी टायरवाल्या बाईंना फोन लावते," मेहुणी म्हणाली आणि तिने स्पीकर चालू केला.

"बोला," पलीकडून टायरवाल्या बाईंचा आवाज आला. "बसले का?"

"गाडीच त्यांच्यावर बसली."

"जॅकवर मोजलं होतंत ना?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"अहो, ऑर्डर पत्राने आली म्हणून मीही पत्रानेच विचारलं होतं की! उत्तरही आलं. थांबा, इथेच आहे." कागद सळसळला. "'आपल्या शंकेचं आश्चर्य वाटलं. निम्नस्वाक्षरीकार सदतीस वर्षं मोजणी करीत आला असून आपण टायर पाठवण्याचं काम करावं.' खाली सही. तारीख. आणि शिक्का."

मेहुणी वडिलांकडे बघत राहिली. चूक झाली होती इथपर्यंत ती कशीबशी आली होती. बाईंनी विचारूनही झाली होती, हे तिच्या हिशोबात नव्हतं.

"अहो," सासूबाई हळूच म्हणाल्या, "शिक्का कुठून आणलात? तो तर खात्यात जमा करायचा असतो."

सासरे ओळंब्याची दोरी गुंडाळत राहिले.

"टायर परत घेते मी," फोनमधल्या बाई म्हणाल्या. "पण गाडी त्यावर एक फूटसुद्धा चाललेली नको."

"त्याची काळजीच नको," मी म्हणालो. तेवीस वर्षांत त्या घरातलं माझं हे पहिलं वाक्य, जे कुणी खोडलं नाही.

"सहाला दुकान बंद होतं. नवं माप घेऊन या. आणि ताई, जमिनीवर, जुनी चाकं लावून, मागे चांगलं वजन घालून मोजा. सुटताना गाडी मागे बसते, तेव्हा जागा अजून कमी होते."

जुनी चाकं चढवायला वीस मिनिटं लागली. सासऱ्यांनी सवयीने खिशातून टेप काढली. मेहुणीने हात पुढे केला.

"द्या."

"अगं, तुला दिसणार नाही तिथलं, मीच—"

"बाबा, द्या. तुम्ही डिकीत बसा."

सदतीस वर्षांत त्या माणसाच्या हातून कुणी टेप घेतली नव्हती. भांडणाऱ्या भावांनी नाही, वरच्या साहेबांनी नाही. मला वाटलं, आता आभाळ कोसळणार. सासऱ्यांनी टेपकडे पाहिलं, लेकीकडे पाहिलं, टेप दिली आणि माझ्या खांद्याचा आधार घेत डिकीत चढले.

"आई, तू पण. भावोजी, तुम्हीही."

"मी? साडी नेसून? डिकीत?"

"वजन लागतं, आई."

"मग तुझ्या बाबांना दोनदा बसव."

शेवटी आम्ही तिघं डिकीत बसलो, मधोमध मी. तेवीस वर्षांत सासू-सासऱ्यांच्या इतक्या जवळ मी कधी आलो नव्हतो. गाडी मागे दबली. खाली मेहुणी सतरंजीवर उताणी पडून चाकाच्या वर हात घालत होती.

"उंची सव्वीस, रुंदी नऊ!" ती खालून ओरडली. "उतरा!"

सासऱ्यांनी तोंड उघडलं. सासूबाईंनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. तोंड मिटलं.

सहाला पाच मिनिटं असताना टायर बदलून मिळाले. चढवले, जॅक सोडला, गाडी उभी राहिली. वर बोटभर जागा. कुणी हुश्शही केलं नाही, आमचा आता कशावरच विश्वास उरला नव्हता.

रविवारी, सुटायच्या रेषेपर्यंत गाडीबरोबर एकाच माणसाला जाता येत होतं. "तुम्ही जा, जावईबापू," असं सासरे म्हणतील म्हणून मी उठलोही. ते स्वतःच चालू लागले. मेहुणीने चाकं जागच्या जागी फिरवून रबर तापवलं, गाडी रेषेवर आणली. सासरे खिडकीशी कष्टाने वाकले, काहीतरी बोलले आणि मागे सरले.

पिवळा. पिवळा. हिरवा.

शेजारची गाडी गेली. आमची उभीच.

"बंद पडली का गं बाई?" सासूबाईंनी माझं मनगट धरलं. एक सेकंद. दोन. माझ्या हाताला मुंग्या आल्या. आणि मग गाडी सुटली, धूर नाही, गरागरा नाही, मागून कुणी लाथ घातल्यासारखी. पलीकडच्या फलकावर आकडा उजळला: बारा पूर्णांक चौऱ्याहत्तर.

"त्यात ते दोन मिळवा," मी खचून म्हणालो. "पावणेपंधरा झाले. संपलं."

"काही मिळवायचं नाही," शेजारचा झेंडेवाला म्हणाला. "घड्याळ दिव्याबरोबर सुरू होत नाही. चाकाने रेषा सोडली की सुरू होतं. पोरगी आत आली तुमची."

आम्हाला हे पचायला वेळ लागला. तेवढ्यात मेहुणी गाडी घेऊन परत आली. हेल्मेट काढलं, तर चेहरा पांढराफटक.

"अगं, जिंकलीस ना!" सासूबाई म्हणाल्या. "मग थांबली होतीस कशाला तिथे?"

"बाबा म्हणाले..." तिने लांब उभ्या असलेल्या वडिलांकडे पाहिलं. ते रेषेच्या कडेने आपले गुडघे चोळत होते. "म्हणाले, चुकलं माझं."

"कोण म्हणालं?"

"बाबा."

सासूबाईंनी आधाराला काहीतरी शोधलं. जवळ जुन्या टायरांची चळत होती, तिच्यावर त्या साडीसकट टेकल्या.

"पाणी द्या रे कुणीतरी मला," त्या म्हणाल्या.