एकोणीस नावं

"बुधी रामू वाघ," किशोरीने हाक मारली. बाकड्यांवरून कोणी उठलं नाही. "बुधी रामू वाघ."

दोन हाका मारायच्या, माणूस आला नाही तर कागद गठ्ठ्याच्या तळाशी. न्यू पनवेलमधल्या त्या डोळ्यांच्या दवाखान्यातला हा रिवाज किशोरी म्हात्रे सतरा वर्षं काउंटरवर बसून पाळत होती. कागद तळाशी सरकवताना टेबलावरचा मोबाइल थरथरला. मेसेज प्रणितचा होता. सुकापुरातलाच पोरगा, किशोरीच्या लेकीच्या, मितालीच्या हळदीला डीजे त्याचाच.

'काकू, आजीच्या गाण्यांची लिंक उघडत नाय. दुसरी पाठवा.'

मेल्याचं नेट संपलं असेल, असं पुटपुटत किशोरीने स्वतः लिंक दाबली. एरवी वर सोनाबाईचा हिरव्या लुगड्यातला फोटो यायचा. आज पांढरं पान आलं. वर इंग्रजीत एक ओळ, असं कोणतंही पान इथे नाही, आणि खाली पत्ते हातात धरून हसणारा रमीच्या जाहिरातीतला माणूस. हा रमीवाला दोन वर्षांपूर्वी पहिल्यांदा आला होता, तेव्हा तो फोटोच्या बाजूला होता. मग तो फोटोच्या डोक्यावर जाऊन बसला. आता फोटो नव्हता आणि तो एकटाच होता.

हळदीला आठ दिवस उरले होते.

सोनाबाई ही तिची सासू, आणि सुकापूरपासून कोनपर्यंतच्या आगरी घरांची धवलारीण. आगरी लग्नात भटजीच्या आधी धवलारीण लागते. मांडव, हळद, तांदळाचं चून दळणं, प्रत्येक विधीला तिचा धवला, म्हणजे त्या विधीचं गाणं. ती गाते तसे बाकीच्यांचे हात चालतात. त्यातला सगळ्यात मोठा निमंत्रणाचा धवला. घराण्यातल्या मेलेल्यांना नावानिशी लग्नाला बोलवायचं, जुन्यात जुन्या पूर्वजापासून परवा गेलेल्यापर्यंत. ज्याचं नाव घेतलं तो मांडवात येतो. ज्याचं राहिलं तो दाराबाहेर उभा राहतो, असं सोनाबाई सांगायची, आणि बाहेर उभा राहिलेला राग धरतो, असंही सांगायची. म्हात्र्यांच्या धवल्यात एकोणीस नावं होती. एकोणिसावं देवजीचं. देवजी म्हणजे सोनाबाईचा मुलगा, किशोरीचा नवरा, मितालीचा बाप. कंपनीतून येताना हायवेवर अपघातात गेला, त्याला सात वर्षं झाली.

तो गेल्यावर वर्षभराने सोनाबाईने पहिल्यांदा त्याचं नाव धवल्यात गुंफलं, आणि किशोरीने ते मोबाइलवर रेकॉर्ड केलं. रेकॉर्ड करायचं म्हटल्यावर म्हातारी हट्टाला पेटली होती.

"विडा ठेव आदी. विड्याबिगर धवला नाय."

"आई, मी घरचीच हाय."

"घरची असशील. धवला फुकट घ्यायचा नसतो."

किशोरीने हसत पानसुपारी पुढे ठेवली. रोज दुपारी एकदोन असे एकेचाळीस धवले झाले. तेव्हा ती बाजारपेठेतल्या कृष्णकांत सरांच्या क्लासला जायची. दवाखान्याने कॉम्प्युटर शिकायला सांगितलं होतं. सरांनीच वेबसाइट काढून दिली. फुकटात जागा देणारी कुठलीशी परदेशी कंपनी, पत्त्यात आपल्या नावापेक्षा त्या कंपनीचं नाव मोठं. किशोरीने भीत भीत विचारलं होतं, पैसे भरून घेतलेली बरी का. सर म्हणाले, "अहो मॅडम, फुकट ते पौष्टिक. कायमचं राहील तुमचं."

घरी येऊन तिने सोनाबाईला दाखवलं. म्हातारीने स्वतःचाच आवाज मान कलती करून ऐकला. मग विचारलं, "ह्या जागेचं भाडं किती?"

"फुकट हाय, आई."

सोनाबाईच्या घरामागे पाच खोल्या होत्या, पाचही भाड्याने दिलेल्या. भाडेकरूंमध्ये तिचा जन्म गेलेला. "मंग ती जागा आपली नाय," ती म्हणाली. "ज्याच्याकडून मी भाडं घेत नाय, त्याला मी कवाबी भायेर काडते. त्याला इचारत बी नाय."

किशोरीला तेव्हा हसू आलं होतं. पुढे मोबाइल भरला तेव्हा तिने एकेचाळीस धवले त्यातून पुसून टाकले, कारण ते साइटवर होते की. दुसरा मोबाइल घेतला तेव्हा जुना दुकानदाराला देऊन टाकला. आणि दोन वर्षांपूर्वी सोनाबाईला अर्धांगाचा झटका आला, उजवं अंग आणि वाचा गेली, तेव्हा गावातल्या बायका रडत होत्या आणि किशोरी त्यांना समजावत होती, की आईचा आवाज मी ठेवलाय, घाबरू नका. इतका गाढ भरवसा तिने कुठल्या माणसावरही टाकला नव्हता.

आता भरवशाच्या म्हशीला टोणगा झाला होता, आणि ते घरात सांगायचं कसं?

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून ती कृष्णकांत सरांना शोधत कोनला गेली. क्लास कधीच बंद पडला होता. सर आता एका टॉवरच्या खाली काचेच्या ऑफिसात बसून फ्लॅट विकत होते. त्यांनी चहा मागवला, लॅपटॉप उघडला.

"साइट आपण कुठल्या मेलवर काढली होती?"

"तुमच्याच, सर. क्लासच्या."

पासवर्ड आठवायलाच त्यांना वीस मिनिटं लागली. क्लासची ती मेलची पेटी उघडली तेव्हा आत बाराशे न वाचलेली पत्रं होती. त्यांतली सात त्या कंपनीची. वर्षभर कोणी लॉगिन केलेलं नाही. नियम बदलले आहेत. तीस दिवस उरले. पंधरा. सात. उद्या. सातव्या पत्रात एकच ओळ होती, साइट पुसली आहे, आणि तिला पाच महिने झाले होते; तेवढ्यात गावात लग्न नव्हतं, म्हणून लिंक कोणी उघडलीच नव्हती. बंद घराच्या दारावर कोणी सात वेळा येऊन थाप मारून गेलं होतं, आणि किशोरी त्या वेळी काउंटरवर लोकांची नावं पुकारत बसली होती.

"फोन करू ना त्यांना," ती म्हणाली.

"नंबर नसतो मॅडम त्यांचा."

साइटवर लिहायला एक चौकोन होता. सरांनी इंग्रजीत लिहिलं, म्हातारी आजारी आहे, लग्न आहे, एवढं एकच गाणं द्या, वाटेल ते पैसे भरतो. उत्तर लगेच आलं. ते माणसाने लिहिलेलं नव्हतं. मदत फक्त पैसे भरणाऱ्या ग्राहकांना मिळते. पुसलेला मजकूर परत मिळत नाही. फुकट खात्यांच्या प्रती आम्ही ठेवत नाही.

"तुमच्याकडे कॉपी असेलच ना घरी?" सरांनी विचारलं. किशोरीला त्यांचा इतका राग आला की चहा तसाच टाकून ती उठली. रिक्षात बसल्यावर मात्र तिला कळलं की राग सरांचा नव्हता.

घराजवळ हौसाकाकी भेटली. सोनाबाईच्या मागे उभी राहून धवल्याची ओढ, म्हणजे पालुपदाची ओळ, उचलायची ती, साठीची, दात पडलेली. किशोरीने तिलाच सगळ्यात आधी सांगितलं.

"हौसाकाकी, तुला येत असंल ना निमंत्रणाचा? तू तर बारा वर्सं मागं उभी ऱ्हायलीस."

हौसा पायरीवर बसली. "मी फकस्त वड उचलायची, पोरी. नावं सोनाबाय घ्यायची." मग तिच्याकडे न बघता, "मी शिकायला येत हुते दुपारची. याद हाय तुना?"

किशोरीला आठवत होतं. हौसा दाराशी यायची, सोनाबाईपुढे विडा ठेवायची, एकेक नाव घोकायची. आणि किशोरीच तिला म्हणाली होती, कशाला डोक्याला ताप करून घेतेस काकी, मोबाइलवर हाय सगळं, लग्न असलं की दाबायचं बटन. तिसऱ्या दिवसापासून हौसा यायची बंद झाली. गावातली दुसरी कोणी आलीच नाही.

"तवा तूच नको बोललीस," हौसा म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता, त्यामुळे ते जास्त लागलं.

शनिवारी प्रणित लॅपटॉप घेऊन घरी आला. जुन्या साइटींचे फोटो काढून ठेवणारी एक जागा असते, तिथे त्याला पान सापडलं होतं. मिताली धावत बाहेर आली. पडद्यावर हिरव्या लुगड्यातली सोनाबाई होती, खाली किशोरीने स्वतः टाइप केलेली एकेचाळीस धवल्यांची नावं, आणि प्रत्येकापुढे वाजवायचं त्रिकोणी बटण. 'निमंत्रणाचा धवला. एकोणीस नावं. बारा मिनिटं.' मितालीने ते दाबलं. मग पुन्हा दाबलं. मग ती एकेक करत सगळी बटणं दाबत गेली आणि घरात काही म्हणजे काही वाजलं नाही.

"पान ऱ्हातं, काकू," प्रणित खाली मान घालून म्हणाला. "आवाज नाय ऱ्हात."

मिताली रडली नाही. "पप्पांना कोण बोलवणार मग?" एवढंच तिने विचारलं. आतल्या खाटेवर सोनाबाई जागी होती. ती ऐकत होती, आणि तिचा डावा हात गोधडीवर हळूहळू आपटत होता. त्या रात्रीपासून किशोरीला तिच्या खोलीत जायची भीती वाटू लागली.

हळदीच्या दिवशी संध्याकाळी अंगणात मांडव भरला. चारी बाजूंनी टॉवर, त्यांच्या गॅलऱ्यांतून भाडेकरू वाकून बघत होते. प्रणितने स्पीकर बंद ठेवले होते. सोनाबाईला खुर्चीत बसवून मितालीच्या पाटासमोर आणलं. बायका गोळा झाल्या आणि काय करायचं ते कोणालाच कळेना. "घ्या लावून हळद," कोणीतरी मागून म्हणालं. "वेळ चाललाय."

तेवढ्यात मिताली पाटावरून उठली, तबकातला विडा घेतला आणि आजीच्या डाव्या हातात दिला. सोनाबाईने तो मांडीवर ठेवला. मग तिचा हात गुडघ्यावर ठेका धरू लागला. ओठ हलत होते, आवाज नव्हता. हौसाने ओळखलं. निमंत्रणाचाच. तिने ओढ उचलली, आणि ओढ संपली तसा सोनाबाईचा हात वर गेला आणि तिथेच थांबला.

तिथे नाव यायचं होतं. पहिलं. कोणालाच येत नव्हतं.

हात बराच वेळ वर राहिला. मग खाली आला, ठेका पुढे चालू झाला, हौसाने पुन्हा ओढ घेतली, पुन्हा हात वर गेला. मांडव गप्प. किशोरी बोटांवर मोजत होती. तीन झाली. सात झाली. दर वेळी ती शांतता मागच्यापेक्षा लांबत होती, आणि गॅलऱ्यांतलेही लोक आता बोलायचे थांबले होते. अकरा. बायका एकमेकींकडे बघेनाशा झाल्या. एका लहान मुलीला आईने जवळ ओढलं. सोळा.

सतराव्याला किशोरीच्या तोंडून नाव गेलं. सातबाऱ्यावर वाचलेलं, आजेसासऱ्याचं. "जोमा म्हात्रे." तिला धवल्याची चाल येत नव्हती. तिला एकाच आवाजात नाव घेता येत होतं, काउंटरवरच्या. अठरावं सासऱ्याचं होतं, तेही तिने तसंच घेतलं.

एकोणिसाव्याला सोनाबाईचा हात वर गेला आणि तिची नजर किशोरीवर येऊन थांबली. ओठ वेडेवाकडे होत एका नावासाठी धडपडत होते. लग्न झाल्यापासून किशोरीने ते नाव चारचौघांत उच्चारलं नव्हतं.

"देवजी कान्हा म्हात्रे," तिने हाक मारली.

कोणी हललं नाही. मितालीने डोळे मिटून घेतले होते.

"देवजी कान्हा म्हात्रे."

सोनाबाईचा हात खाली आला आणि विड्यावर विसावला. हौसाने डोळ्यांना पदर लावला, वाटी उचलली, आणि बायका पुढे सरून मितालीला हळद लावू लागल्या. प्रणितने स्पीकर चालू केले. किशोरी तिथेच उभी राहून मांडवाच्या दाराकडे बघत होती. तिथे सोळा जण अजून थांबलेले होते.