हजार बाय हजार

मी कोण म्हणून विचाराल, तर संगणकाच्या प्रोग्रॅममधली एक ओळ. अवघी एक, पण थाट बघा! प्रोग्रॅम सुरू झाला की पडद्यावर त्याची खिडकी उघडते ना, ती किती रुंद नि किती उंच, हे मी ठरवते.

माझा जन्म एका शिंपीणबाईंच्या लेकीच्या हातून झाला. आईच्या मापांच्या वह्यांची पानं गळायला लागली, म्हणून तिने आईसाठी हा प्रोग्रॅम लिहिला. ती नोकरीला दूरच्या शहरात, टेबलावर भला थोरला पडदा. माझ्यापाशी आल्यावर तिने क्षणभरही विचार केला नाही. रुंदी हजार ठिपके, उंची हजार ठिपके, दिलं ठोकून! वर खिडकी लहानमोठी करायची सोयही बंद केली. "आईचा उगाच गोंधळ नको," म्हणे. तिच्या पडद्यावर मी अशी ऐटीत बसले की विचारू नका.

मग मी आईंच्या दुकानात आले. नात्याने त्या माझ्या आजीच. पण तिथला जुना पडदा उंचीला जेमतेम सातशे अडुसष्ट ठिपक्यांचा! रुंदीत मावले, पण माझा खालचा भाग पडद्याबाहेर गेला. आणि 'जतन करा' हे बटण नेमकं तिथेच, तळाशी.

पहिल्याच दिवशी एक नाटकमंडळी आली. बावीस जणांचे पोशाख हवे होते. आईंनी एकेकाची छाती, कंबर, बाही मोजली आणि एका बोटाने टकटक करत सगळं माझ्या खिडकीत भरलं. तोंडात टाचण्या, चेहऱ्यावर कोण आनंद! मग वरच्या कोपऱ्यातली फुली दाबली आणि खिडकी बंद केली.

दुसऱ्या सकाळी उघडतात तर काय, सगळं कोरं! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आईंनी बावीसही जणांना परत बोलावलं. "टेप सैल झाली होती हो माझी," म्हणाल्या, आणि या वेळी मापं गुपचूप वहीत लिहिली.

लेकीचा फोन आला. "आई, कसा चाललाय गं प्रोग्रॅम?"

"झकास! तू केलायस, मग काय बघायचं!"

फोन ठेवून त्या माझ्याकडे वळल्या. "माझ्याच डोक्यात आता नवीन काही शिरत नाही," असं पुटपुटल्या आणि पडद्यावर एक अस्तराचं कापड टाकलं. तीन आठवडे मी त्या कापडाखाली होते. चूक माझी, आणि बोल स्वतःला लावत होत्या त्या!

सुट्टीला लेक आली. तिने कापड उचललं, शिलाई मशीनखाली दडवलेली वहीही तिला दिसली.

"आई, एकदा भरून दाखव बघू मला."

आईंनी घाबरत घाबरत एक माप भरलं.

"आता खालचं बटण दाब."

"कुठलं गं बटण?"

लेकीने वाकून पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "अगं, तुझा पडदा छोटा आहे! मी माझ्याच पडद्यावर बघून ठरवलं गं. तुझं काही चुकलं नाही, आई."

आईंनी गळ्यातली टेप काढली, पडद्याला लावली आणि लेकीकडे रोखून पाहिलं. "शिंपिणीची पोर ना तू? माप न घेताच कापलंस?" मग अशा हसत सुटल्या की डोळ्यांत पाणी आलं. हसू कुठे संपलं नि रडू कुठे सुरू झालं, मला कळलं नाही.

तिथेच स्टुलावर बसून लेकीने मला नव्याने लिहिलं. आता मी आधी पडद्याला विचारते, बाबा रे, तू केवढा? मग त्यात बसेल एवढीच उघडते. "कडेनं दोन बोटं माया ठेव," आई मागून म्हणाल्या, म्हणून तेवढी जागाही सोडते.

हल्ली दुकानात माझा दिवस मजेत जातो. आई दोन बोटांनी टकटक करतात, बटण दाबतात आणि "झालं जतन!" असं गिऱ्हाइकाला मोठ्याने सांगतात.

माझ्यासारख्या ओळी लिहिणाऱ्यांनो, एवढं ऐका. समोरचा चुकतोय असं वाटलं, तर आधी त्याच्या खुर्चीत बसून बघा. लेकीने माझे जुने आकडे अजून पुसलेले नाहीत. माझ्या डोक्यावर एक टिपण करून तिने ते ठेवलेत. संगणक ते वाचत नाही, ते फक्त तिच्यासाठी आहे: 'हजार बाय हजार. आईला विचारलं नव्हतं.'