मला खोली नंबर चारमध्ये काहून कोंडलं?

मी सोनोग्राफीची मशीन बोलतेय, जबलपूरच्या एका इस्पितळातल्या लोखंडी कपाटातून. हसू नका. माल आत आणि गिऱ्हाईक दारात तडफडतंय, असं दुकान कधी पाहिलंय? ते माझं.

माझा बांधा शाळेच्या पाटीएवढा. माझा जन्मच खाटेपाशी जायला. आधी आफ्रिकेत तंबूतल्या दवाखान्यात डॉक्टर विनताबाईंसोबत दोन वर्षं राबले. लेकरांची हृदयं, फुप्फुसं पाहिली. बाई इथं लहान मुलांच्या अतिदक्षता विभागात आल्या, तेव्हा तो दवाखाना चालवणाऱ्या संस्थेनं मलाही या इस्पितळाला दान देऊन टाकलं.

इथं माझी नोंद झाली खोली नंबर चारच्या नावानं. किल्ली कारकून रत्नाकरबाबूंच्या कमरेला. गर्भलिंग तपासणी रोखायला आम्हाला नोंदल्या जागीच बांधणाऱ्या कायद्यावर माझा राग नाही. माझ्याच बहिणींनी पोटातल्या मुलींची चुगली केली, पहारा हवाच. पण ‘नोंदीत मुलांचा वॉर्डही घाला’ हा बाईंचा अर्ज आठ महिने बाबूंच्या टेबलाच्या काचेखाली पडून आहे. त्याला कोणता कायदा म्हणायचा?

मंगळवारी पनागरची भीमाबाई सहा वर्षांच्या नंदाला घेऊन आली. पोर धापा टाकत होती, रक्तदाब उतरत होता. सलाईन वाढवायचं की थांबवायचं? न पाहता ठरवणं म्हणजे अंधारात दगड.

“बाबूजी, मशीन द्या,” विनताबाई म्हणाल्या.

“मॅडम, कागदावर खोली चार लिहिली हाय. बाहेर नेली तर सील लागते. मी नोकरी घालवू काहून?”

“मग पोरगीच आणते!”

खोली चारच्या दारातून खाट शिरणार नव्हती. बाईंनी नंदाला उचललं, भीमाबाईनं सलाईनची बाटली धरली, नर्स ऑक्सिजनचं सिलेंडर ओढत मागे. वाटेतच पोरीचे ओठ निळे पडले.

बाबूंनी कपाट उघडलं, मी पाहिलं. हृदयाभोवती पाणी साचलेलं, हृदय आत दबलेलं. माझ्या पडद्यावर नजर ठेवून बाईंनी सुई घातली, पाणी खेचलं. नंदा रडली. किती गोड रडली!

भीमाबाई बाबूंकडे वळली. “भैया, पोटात होती तवा हे कुलूप होतं, म्हणून वाचली माही पोरगी. आता जन्मली, तर त्याच कुलुपापायी मरून राहिली होती. कोणतं कुलूप खरं, सांगा ना जी!”

बाबू म्हणाले, “चलो, हो गया ना अब.” आणि मला कपाटात ठेवलं.

मंडळी, मला हार नको, माझ्यापुढे नारळ फोडू नका. बिछाना सातवर नवं लेकरू आलंय. विनताबाई दार ठोठावताहेत, बाबू जेवायला गेलेत.

कुणीतरी उघडा की!