नमद्यावरचा पांढरा पंजा

"आला! आला! आजोबांचा हात आला!"

तंबूत एकच कल्ला झाला. सागिम्बेकच्या मुठीत मावेल एवढ्या कॅमेऱ्याच्या पडद्यावर पांढराशुभ्र पंजा चमकत होता. समोरच्या भिंतीवर, म्हणजे तंबूला लावलेल्या जाड लोकरी नमद्यावर मात्र नुसत्या डोळ्यांना काही म्हणजे काही दिसत नव्हते. बायका रडू लागल्या. ज्या बाप्यांनी भर बर्फात लांडगे हाकलले होते, त्यांनीही गुडघे टेकले.

हा सागिम्बेक गेल्या वर्षापर्यंत बाजारात मोबाइल दुरुस्त करत होता, तेही वाईट. आता त्याच्या गळ्यात लांडग्याचा दात आला होता आणि आवाजात तूप.

"पूर्वजांनी वाट अडवलीय," तो बुबुळे फिरवत म्हणाला. "सून सात दिवस खिंड ओलांडणार नाही. ओलांडली, तर मूल त्यांचं. तुमचं नाही."

सून आयझान आठव्या महिन्यात होती. तोंड, हातपाय सुजलेले, डोके ठणकत होते, सकाळपासून डोळ्यांपुढे काजवे. दवाखाना खिंडीपलीकडे. ती दारातल्या जीपमध्ये बसूनही होती, आणि नवरा तोलगोन किल्ली खिशात घालून इथे हात जोडत होता!

"किल्ली दे," त्याची आई बुरुल आपा म्हणाली.

"आई, हात तूही पाहिलास ना?"

"पाहिला. म्हणून तर यंत्र पाहायचंय." ती सागिम्बेककडे वळली. "धुक्यात मेंढ्या हरवतात आमच्या. चांगलं असेल तर मीही घेईन एक. जरा बाहेर नेऊन पारखते."

"आपा, सिद्ध वस्तू आहे ती. बाईमाणसानं..."

"घोडी घेताना मी दात बघते. तिला यायचा तो राग येऊ दे."

लोक हसले. सागिम्बेकला नाही म्हणायची सोय उरली नाही.

बाहेर ऊन कलले होते. उतारावर म्हातारीला दहा मेंढ्या चमकताना दिसल्या. जवळ जाऊन पाहते तो उन्हाने तापलेले धोंडे. जीपकडे यंत्र वळवले, तर काचेतून आयझान दिसेना. दार उघडले तेव्हा दिसली.

"पूर्वजांचं दर्शन घडवतो म्हणे," आपा पुटपुटली, "आणि काचेपाशीच आंधळा होतो!"

तेवढ्यात गवतात बसलेली घोडी उठून चालू लागली. पडद्यावर मात्र ती बसली होती तिथे पांढरा डाग तसाच राहिला, आणि बघता बघता विरला.

आपा थबकली. घोडी गेली होती, ऊब मागे राहिली होती. यंत्राला दिसत होती ती ऊबच.

मग तिला आठवले. हात दिसण्याआधी सागिम्बेकने दुवा मागितली होती. दुवा संपताना सगळे डोळे मिटून तोंडावरून तळवे फिरवतात. मानाच्या जागी, नमद्याला पाठ टेकून बसलेला हा पाहुणा तेव्हा काय करतो, हे बघणार कोण? आणि आजची दुवा भलतीच लांबली होती.

ती आत आली. यंत्र भिंतीकडे धरले, तर पंजा नव्हता.

"आजोबा कुठे गेले रे?"

"रागावले. तुम्ही शंका घेतलीत."

"थांब, समजूत काढते." आपाने आपला तळवा नमद्यावर दाबून धरला, शंभरपर्यंत मोजले, हात काढला आणि यंत्र मुलापुढे धरले. पांढरा पंजा! फक्त करंगळी अर्धी. आपाची करंगळी तरुणपणी दोराच्या फासात तुटली होती.

"अगं बाई, आजोबांची करंगळी वर गेल्यावर तुटली की काय?" शेजारीण किंचाळली.

"हे... हे दुसरे पूर्वज आहेत," सागिम्बेक चाचरला.

"मी आहे मेल्या! अजून जिवंत आहे!"

तंबू हसून हसून गडगडला. तोलगोन मात्र हसला नाही. किल्ली काढून तो जीपकडे धावला.

"रक्तदाब फार चढलाय," दवाखान्यात डॉक्टरीणबाई त्याला म्हणाली. "सात दिवस थांबला असतास, तर बायकोही गेली असती आणि लेकही." लेक त्याच संध्याकाळी जन्मली, मुठीएवढी, पण जिवंत.

यंत्राने खरे तेच दाखवले होते: इथे एक ऊबदार हात टेकला होता. कोणाचा, ते सागिम्बेकने सांगितले, आणि एका आपाशिवाय तंबूभर शहाण्या माणसांतल्या एकालाही विचारावेसे वाटले नाही. दुवा जरूर मागा, बाबांनो. पण डोळे उघडे ठेवून मागा.